ताटाच्या कडेला उरलेलं : प्राथमिक शाळेत आहार कसा शिकवावा

मधली सुट्टी संपत आली की तिसरीच्या वर्गातलं कुठलंही ताट पाहा. खिचडी संपलेली असते आणि कडेने एक ओळ लागलेली असते. त्यात कढीपत्ता, टोमॅटोची सालं, गाजराचे चौकोनी तुकडे, एखादी मिरची. हेच मूल अर्ध्या तासाने परिसर अभ्यासाच्या तासाला हात वर करून सांगतं, "भाज्यांमधून आपल्याला जीवनसत्त्वं मिळतात." उत्तर बरोबर असतं, पण कडेची ओळ काही हलत नाही.

आहार शिकवताना बहुतेक वेळा आपण त्या उत्तरापाशी थांबतो. पहिली ते चौथीच्या मुलाला कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ हे शब्द पाठ होतात, पण त्यांचा ताटातल्या पदार्थांशी संबंध जुळत नाही. म्हणून इथे दिलेला क्रम उलटा आहे. आधी ताट, मग हात, मग जीभ आणि शब्द सगळ्यात शेवटी. आठवड्याला एक तासिका धरली तर दोन-अडीच महिन्यांत सगळं होतं. शाळेत पोषण आहार शिजत असेल तर साधनं तिथेच मिळतात. डबा आणण्याची पद्धत असलेल्या शाळेत थोडा फरक करावा लागेल, डब्याबद्दल 'डबा आणि पालक' या भागात सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी

वर्गात उभं करून "काल रात्री काय जेवलास?" असं कधीही विचारू नका. हा प्रश्न साधा वाटतो, पण वर्गात त्याची उत्तरं खरी येत नाहीत. पहिल्या मुलाने पनीर म्हटलं की पुढच्या दहा घरांत पनीर शिजतं. जिच्या घरी काल नुसता भात आणि मिरचीचा ठेचा होता, ती मुलगी खाली बघत खोटं बोलते आणि हा तास आपल्यासाठी नाही असं तिच्या मनात बसतं. त्याऐवजी विचारा, "आपल्या गावात सकाळी काय काय खातात?" गावाबद्दल मुलं मोकळेपणी बोलतात. घरोघरची खरी माहिती हवी असेल तर कागदावर चित्र काढायला सांगा, नाव लिहू नका म्हणा आणि कागद एका डब्यात टाकायला लावा. त्या चित्रांवरून सकाळचा चहा-बिस्किटाचा प्रकार किती घरांत आहे, भाजी किती ताटांत दिसते, हे तुम्हाला पुरेसं कळतं.

दुसरं, पालकांकडून लेखी माहिती घ्या. कुणाला शेंगदाण्याची, अंड्याची, दुधाची ॲलर्जी आहे का? कुणाला मधुमेह आहे का? पहिल्या प्रकारचा मधुमेह लहान मुलांनाही असतो. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे आणि इतर आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची विचारणा जरूर करा, कारण अशा मुलांना लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यायची असते. ही यादी जिथे पदार्थ वाटला जातो तिथे, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, भिंतीवर नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. भाजी किती बारीक चिरायची, डाळ किती घोटायची, लिंबू कधी पिळायचं, हे त्यांच्या हातात आहे. एखाद्या तासाला त्यांना वर्गात बोलावून "आज काय शिजवलंत आणि कसं?" एवढं विचारलं तरी मुलं ते ताट वेगळ्या नजरेने बघतात.

पहिली तासिका : जमिनीवर ताट मांडा

वर्गाच्या मध्यभागी खडूने मीटरभर रुंदीचं वर्तुळ काढा. आपल्याकडे ताट वाढायची एक जुनी रीत आहे. वरच्या बाजूला मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी आणि मध्ये भात, पोळी किंवा भाकरी. मुलांच्या आज्यांना ही मांडणी ठाऊक असते, म्हणून आदल्या दिवशी "आजीला विचारून या, ताटात कुठे काय वाढतात?" हा गृहपाठ द्या. दुसऱ्या दिवशी एकेकाने येऊन चित्र नाही, खरी वस्तू ठेवायची. मूठभर तांदूळ, तूरडाळ, मटकी, बटाटा, मेथीची जुडी, काकडी, लिंबू, शेंगदाणे, दह्याची वाटी, गूळ, तेलाची छोटी बाटली.

आता तीन शब्द द्या : पळवणारं, वाढवणारं, सांभाळणारं. भात, भाकरी, पोळी, तेल, गूळ हे पळवणारं, कारण खेळायला, चालायला ताकद त्यातून येते. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे, मटण हे वाढवणारं. भाज्या आणि फळं सांभाळणारी, त्यांच्यामुळे डोळे, त्वचा, हिरड्या नीट राहतात आणि आजारांशी झुंजायला मदत होते. मुलांनी प्रत्येक वस्तूपुढे बाटलीचं झाकण ठेवायचं : पळवणाऱ्यापुढे लाल, वाढवणाऱ्यापुढे पिवळं, सांभाळणाऱ्यापुढे हिरवं.

इथे दोन ठिकाणी गोंधळ होतो आणि तो होऊ द्यावा. शेंगदाण्यापुढे काही मुलं पिवळं झाकण ठेवतील, काही लाल. दोन्ही बरोबर आहेत, कारण त्यात तेलही आहे आणि प्रथिनंही. एका वस्तूला दोन झाकणं चालतात, हे त्याच वेळी सांगा, नाहीतर मुलं आयुष्यभर एका पदार्थाला एकच खण देत राहतात. दुसरा गोंधळ बटाट्याचा. मुलं हमखास हिरवं झाकण ठेवतात, कारण घरी ती "बटाट्याची भाजी" असते. बटाटा कामाने भाताच्या जातीचा आहे. पोळी आणि बटाट्याची भाजी एवढाच डबा म्हणजे पळवणारं अधिक पळवणारं. साबुदाण्याचंही तसंच. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च) आहे. उपवासाच्या खिचडीत वाढवणारं जे काही असतं ते शेंगदाण्याच्या कुटातून येतं, म्हणून कूट सढळ हाताने घालणारी आजी बरोबरच करत असते.

पारंपरिक मांडणीत कोशिंबीर डाव्या बाजूला चमचाभर असते. मुलांच्या ताटात ती वाटीभर व्हायला हवी, हे वर्तुळात खडूने मोठी वाटी काढून दाखवा.

मांसाहाराचा विषय आला की वर्गात कुजबूज सुरू होते. कुणाच्या घरी सुकट, कुणाकडे अंडं वर्ज्य. "ज्याच्या घरी जे खातात त्यातलं वाढवणारं शोधू" एवढं वाक्य पुरतं. कुणाच्याही ताटाला नाक मुरडलेलं चालणार नाही, हा नियम मात्र ठामपणे सांगा.

दुसरी तासिका : एका मुलाचा वाटा किती?

शासनाच्या पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. हे आकडे शिक्षकांना तोंडपाठ असतात, मुलांना मात्र ते कुणी कधी दाखवलेले नसतात.

काटा वर्गात आणा. चार वाट्यांत एका मुलाचा कच्चा वाटा मोजून ठेवा आणि सगळ्यांना जवळून बघू द्या. तेल एका छोट्या चमच्याएवढं. चिरलेली भाजी एक लहान ओंजळभर. डाळीची वाटी बघून मुलं म्हणतात, "एवढीशीच?" हाच या तासाचा गाभा आहे. तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ७ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात आणि या एवढ्याशा २० ग्रॅम डाळीत आणखी ४ ग्रॅमच्या वर. बारा ग्रॅमचा आकडा डाळीशिवाय गाठता येत नाही. म्हणजे वरणातली डाळ ताटात राहिली तर वाढवणाऱ्यातला एक तृतीयांश भाग ताटातच राहिला.

इथून वाढायच्या डावाकडे वळा. वरण किंवा आमटी थोडा वेळ स्थिर राहिली की डाळ तळाशी बसते. डाव वरच्यावर फिरवला तर रांगेतल्या पहिल्या मुलांना पाणी मिळतं आणि शेवटच्यांना घट्ट गोळा. दोन काचेच्या ग्लासांत वरण घेऊन, एक न ढवळता आणि एक ढवळून वाढलेलं, मुलांना दाखवा. दुसऱ्या दिवसापासून मुलंच सांगतात, "ताई, खालून ढवळा." ताईंना आधी कल्पना दिलेली असेल तर त्यांना ते टोचत नाही.

चौथीच्या वर्गाला याचं गणित द्या. आज पटावर २८ हजर, तर भाजी किती? अठ्ठावीस गुणिले पन्नास, म्हणजे १,४०० ग्रॅम, १ किलो ४०० ग्रॅम. तांदूळ २ किलो ८०० ग्रॅम, डाळ ५६० ग्रॅम, तेल १४० ग्रॅम. मग स्वयंपाकघरात जाऊन भाजीची टोपली खरंच मोजा. एक चूक टाळा. वजनं कच्च्या मालाची आहेत. शंभर ग्रॅम तांदळाचा भात अडीच ते तीन पट भरतो. शिजलेल्या भाताचं ताट काट्यावर ठेवून मुलं "जास्त झालं" असा निष्कर्ष काढतील, तेव्हा हे समजावून सांगावं लागतं.

तिसरी तासिका : डोळ्यांना दिसेल असं

आयोडिनची चाचणी शिक्षकांनी स्वतः करायची, मुलांनी बघायची. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडिन किंवा जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडिन घ्या. एका थेंबाला दहा थेंब पाणी. जुन्या ताटलीत भात, बटाट्याची चकती, पोळीचा तुकडा, काकडी, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा दही आणि भिजलेला साबुदाणा मांडा. प्रत्येकावर एक थेंब. भात, बटाटा, पोळी, साबुदाणा निळे-काळे होतात, म्हणजे त्यांत पिष्ट आहे. काकडी आणि दही तपकिरीच राहतात. पहिल्या तासाला बटाट्यावरून भांडलेली मुलं इथे गप्प होतात.

रंग आला नाही तर बहुधा पदार्थ गरम होता. हा रंग उष्णतेने उडतो, म्हणून सगळं पूर्ण गार करून घ्या. थेंब टाकलेलं काहीही खायचं नाही. प्रयोग संपल्यावर ते टाकलेलं मुलांना दिसलं पाहिजे.

तेलाची चाचणी मुलांना स्वतः करता येते. वहीच्या कागदाचे चौकोन कापा. एकावर शेंगदाणा रगडायचा, एकावर खोबरं, एकावर फरसाण, एकावर काकडी. नावं पेन्सिलीने लिहा. कागद उन्हात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग खिडकीसमोर धरा. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा पारदर्शक राहतो. घाई करून ओला कागद पाहिला तर काकडीतही तेल "सापडतं". मुलं नेमकी हीच घाई करतात, म्हणून मधल्या वेळात दुसरं काम द्या.

मटकीचे मोड

याला दोन दिवस लागतात आणि वार चुकला तर सगळं फुकट जातं. शनिवारी भिजवलेली मटकी सोमवारी आंबलेली सापडते. म्हणून सोमवार निवडा.

१. सोमवारी शाळा भरताना १०० ग्रॅम मटकी निवडून, दोनदा धुऊन, तिप्पट पाण्यात भिजत घाला. वर तरंगणारे दाणे काढा.

२. शाळा सुटताना पाणी पूर्ण निथळा. न भिजलेले कडक दाणे, म्हणजे गणंग, मुलांकडून वेचून घ्या.

३. स्वच्छ सुती कापड ओलं करून घट्ट पिळा, मटकी त्यात सैल बांधा आणि चाळणीत ठेवून वर ताटली झाका.

४. तुलनेसाठी दोन वाट्या आणखी ठेवा. एकीत मटकी पाण्यातच बुडालेली, दुसरीत कोरडी.

मंगळवारी सकाळी कापड सोडायचा मान रोज मागे बसणाऱ्या मुलांना द्या. उन्हाळ्यात मोड अर्ध्या इंचापर्यंत गेलेले असतात, थंडीत मात्र बुधवारपर्यंत थांबावं लागतं. पाण्यात बुडालेल्या मटकीला वास येतो, कोरडी जशीच्या तशी असते. पाणी, हवा आणि ऊब तिन्ही लागतात, हे मुलं स्वतःच सांगतात. कापडातली मटकी चिकट झाली, आंबूस वास आला, तर कापड ओलंगच्च होतं किंवा गाठ आवळली होती. ती खायला देऊ नका.

मोड कच्चे वाटू नयेत. ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. पाच-सात मिनिटं वाफवा, मग कांदा, कोथिंबीर, मीठ आणि वरून लिंबू. मोड आल्यावर 'क' जीवनसत्त्व वाढतं आणि लिंबाने त्यात भर पडते. ते का हवं, हे पुढच्या प्रयोगात येतं.

खाण्याआधी हात. तळहातावर दोन थेंब तेल आणि चिमूटभर हळद चोळा. आधी नुसत्या पाण्याने धुवा, पिवळेपणा हलत नाही. मग साबण लावा. साबण लागताच हळद लालसर होते आणि मुलं ओरडतात. वीस सेकंद चोळल्यावर हात बघा. रंग कुठे राहिला? अंगठ्याभोवती, नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात. रोज हात धुताना नेमक्या याच जागा राहतात.

चहा आणि लोह

सकाळी चहा-बिस्किट किंवा चहा-चपाती खाऊन शाळेत येणारी मुलं बऱ्याच वर्गांत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. तीच मुलं पुढे पहिलीत येतात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि शरीराला ते शोषता येत नाही, हे शब्दांत सांगून दुसरीच्या मुलाला कळत नाही. दाखवलं की विसरत नाही.

दोन दिवस आधी चार-पाच साधे लोखंडी खिळे अर्धी वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. झाकण सैल असू द्या, त्यातून वायू निघतो. तासाच्या वेळी बिनदुधाचा कडक चहा गार करून दोन काचेच्या ग्लासांत ओता. एकात चमचाभर साधं व्हिनेगर टाका, चहा जरा फिका होतो. दुसऱ्यात चमचाभर खिळ्यांचं पाणी टाका. बघता बघता चहा शाईसारखा काळा पडतो. जुन्या काळी अशाच मिश्रणाची शाई करत, हेही सांगा. रंग चढला नाही तर खिळे जस्ताचा मुलामा दिलेले होते किंवा चहा पातळ होता. ग्लास शिक्षकांच्या टेबलावरच राहतील आणि तास संपताच धुतले जातील, याची काळजी घ्या.

आता सांगायचं ते इतकंच. भाजीतलं, बाजरीतलं लोह चहाने धरलं की अंगी लागत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. लहान मुलांना चहा नसला तर उत्तमच. आणि लिंबू, पेरू, आवळा, टोमॅटो उलट काम करतात, लोह शोषायला मदत करतात. खिचडी ताटात वाढल्यावर लिंबाची फोड देणं हा शाळेला परवडणारा सगळ्यात सोपा बदल आहे. पातेल्यात उकळताना पिळलं तर 'क' जीवनसत्त्व उष्णतेने बरंचसं नष्ट होतं, म्हणून ताटातच पिळायचं.

शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळीही याच तासाला समजावून सांगा. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीच्या त्या गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती जेवणानंतर द्यायची, उपाशीपोटी दिली तर मळमळतं आणि एका मुलाला उलटी झाली की पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी खिशात घालतो. शी काळी होईल, घाबरायचं नाही, हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगितलेलं असावं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, मिळणारी अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते. पोटातले जंत आपल्या वाट्याचं अन्न पळवतात, एवढं कारण मुलांना पुरतं.

चव घ्यायला शिकवणं

नवी भाजी मुलाने स्वीकारायला आठ ते पंधरा वेळा ती त्याच्यासमोर यावी लागते. बहुतेक घरांत आणि शाळांत तिसऱ्या नकारानंतर "याला कारलं आवडत नाही" असा शिक्का बसतो. म्हणून एका तासाची चव-पंगत उपयोगाची नाही. महिनाभर, आठवड्यातून दोनदा, मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं, असं ठेवा.

प्रत्येक वेळी एकच पदार्थ, नखाएवढा तुकडा. चार पायऱ्या : बघायचं, वास घ्यायचा, जिभेला लावायचं, चावायचं. मूल कुठल्याही पायरीवर थांबू शकतं. आज वासापर्यंत आला तरी शाबास. चावल्यावर नको वाटलं तर कागदात गुपचूप काढायची मुभा द्या. ही मुभा असली की मुलं जास्त धीर करतात, कारण अडकून पडायची भीती राहत नाही.

चव घेतल्यावर "आवडलं का?" विचारू नका. "कसं लागलं?" विचारा. आपल्याकडे सहा रस आहेत, ते फळ्यावर लिहा : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. पुढे स्पर्शाचे शब्द मुलं घालतात. करकरीत, बुळबुळीत, रवाळ, पिचपिचीत. भेंडी "बुळबुळीत" म्हणून नकोशी असते हे कळलं की ताईंना ती कुरकुरीत परतायला सांगता येतं. "आवडत नाही" एवढ्यावर काही करता येत नाही.

बक्षीस लावू नका. "भाजी संपवली तर चॉकलेट" म्हटलं की मुलाला कळतं, भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे खरं खाणं. "संपवल्याशिवाय उठायचं नाही" यानेही तेच होतं. शिक्षकांनी पंगतीत बसून तीच भाजी चवीने खाणं याचा परिणाम दोन्हींपेक्षा जास्त होतो.

पदार्थ आसपासचेच निवडा. पावसाळ्यात कोकणात, ठाणे-पालघरकडे टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी, देशावर घोळ, पाथरी, तांदुळजा आणि सगळीकडे शेवग्याचा पाला. रानभाजी ओळखीच्या जाणत्या बाईकडूनच आणवा, मुलांना एकटं तोडायला पाठवू नका. शेवळासारख्या काही भाज्या नीट न शिजवल्या तर घशाला खाजतात. नाचणीची पातळ भाकरी किंवा आंबील अवश्य ठेवा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच तांदळात दहाच्या आसपास.

पाकिटं वाचणं (तिसरी-चौथीच्या वर्गांसाठी)

मुलांना आठवडाभर रिकामी पाकिटं धुऊन जमवायला सांगा. मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिले तीन घटक मोठ्याने वाचायचे. "फळाच्या" पेयात पहिलं पाणी, दुसरी साखर आणि फळाचा गर शेकड्यात किती, हे मुलं स्वतः शोधतात. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच नात्यातली नावं आहेत, ती फळ्यावर लिहून ठेवा. छपाई बारीक आणि इंग्रजीत असते, म्हणून एक भिंग आणि तुमची मदत लागेल.

मग साखर मोजा. सपाट छोटा चमचा साधारण ४ ग्रॅमचा धरा. १०० मिलिलिटरला १०.५ ग्रॅम साखर असलेलं २५० मिलिलिटर शीतपेय म्हणजे २६ ग्रॅम, साडेसहा चमचे. रिकाम्या बाटलीत एकेक चमचा सगळ्यांनी मोजत टाकायचा. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, पाच टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. सात-आठ वर्षांच्या मुलाला ही एक बाटली पाच टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडून देते.

हा तास सांभाळून घ्यावा लागतो. गावातल्या टपरीवाल्याचं मूल याच वर्गात बसलेलं असतं. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ विकायला अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. पण ते मोठ्यांनी मोठ्यांशी बोलायचं, शाळा व्यवस्थापन समितीने दुकानदाराशी, मुलांच्या तोंडून नाही. मुलांसोबत दुसरी यादी करा : जेवढे पैसे पाकिटाला जातात तेवढ्यात टपरीवर आणखी काय मिळतं? फुटाणे, खारे दाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळं, मोसमात पेरू आणि बोरं. ही यादी दुकानदारालाही द्या. त्याचा माल खपला तर तो आनंदाने ठेवतो.

"वाईट खाणं" हा शब्द वापरू नका, "रोजचं" आणि "कधीमधीचं" म्हणा. जिलेबी लग्नात खायचीच असते.

डबा आणि पालक

वारानुसार ठरवलेला डबा, सोमवारी हे, मंगळवारी फळ, कागदावर देखणा दिसतो. मजुरीला पहाटे निघणाऱ्या आईला तो पाळता येत नाही आणि त्याची शिक्षा मुलाला मधल्या सुट्टीत भोगावी लागते. डबा उघडून तपासणंही बंद करा. त्याऐवजी एकच गोष्ट सांगा : आहे त्यात एक भर. पोळी-बटाटा असेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे. भात असेल तर त्यावर घट्ट वरण. भाकरी-चटणी असेल तर सोबत कांदा, काकडी किंवा मुळ्याचा पाला.

भाकरी-चटणीबद्दल पालकसभेत मुद्दाम बोला, कारण तो डबा लपवला जातो. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि जवस, तीळ, कारळं किंवा शेंगदाण्याची चटणी हा पाकिटातल्या नूडल्सपेक्षा कितीतरी भरीव डबा आहे. हे शिक्षकांच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकलं की दुसऱ्या दिवशी तो डबा उघड्यावर येतो. सभेत दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका. आयोडिनची ताटली किंवा काळा पडलेला चहा दाखवा. पालकांनाही तो तेवढाच आठवणीत राहतो.

मुलांच्या अंगाबद्दल वर्गात काहीही बोललं जाऊ नये, ना "जाड्या", ना "काडी पैलवान", ना "हिला जरा जास्त वाढा". वजन-उंची एकेकट्याची, पडद्याआड घ्या आणि आकडा मोठ्याने वाचू नका. काळजी वाटली तर शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला दाखवा आणि पालकांशी एकांतात बोला.

कळलं की नाही, हे कसं बघायचं

लेखी परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतील, त्यातून काही समजणार नाही. खरकट्याची बादली बघा. सुरू करण्याआधी सलग पाच दिवस जेवणानंतर बादली काट्यावर ठेवा, हजर मुलांच्या संख्येने भागा आणि दारामागे लिहून ठेवा. आठव्या आठवड्यात पुन्हा पाच दिवस. पदार्थ तेच असलेले दिवस जुळवूनच तुलना करा. मसालेभात आणि मटकीची उसळ यांची बादली सारखी भरत नाही. मुलांना हे वजन चाललंय असं सांगू नका, सांगितलं तर उरलेलं खिडकीबाहेर जातं किंवा शेजारच्याच्या ताटात.

वजनासोबत काय उरलं तेही पाहा. सगळंच थोडं थोडं उरत असेल तर वाढताना जास्त वाढलं जातंय. आधी कमी वाढा आणि पुन्हा फिरवा. एकच पदार्थ उरत असेल तर आधी चिरण्याकडे बघा. गाजराचे चौकोन कडेला जात असतील तर ताईंना आठवडाभर ते किसून घालायला सांगा आणि शेवटी उकळीत टाकायला सांगा. किसलेलं गाजर वेचून काढता येत नाही आणि त्याची गोडी खिचडीत उतरते. टोमॅटो सालासकट मोठे चिरले तर साल सुटून गुंडाळी होते, बारीक चिरून आधी तेलात परतला तर ती दिसत नाही. कढीपत्ता चुरून घाला. आठवड्यानंतर गाजराचा एखादा मोठा तुकडा पुन्हा दिसू द्या, म्हणजे मुलं काय खातायत ते त्यांना दिसत राहील, आणि त्या दिवशी ताटांच्या कडा पुन्हा मोजा.